कर्नल अपडेट झाला की वाय-फाय गायब: ब्रॉडकॉम कार्डाचा दर वेळचा घोळ

काकांचा फोन सकाळी साडेसातच्या आत आला की विषय काय असणार, ते मला हॅलो म्हणायच्या आधीच कळतं. "अरे, ते खालचं पंख्यासारखं चिन्ह परत गेलं बघ. काल रात्री झोपताना होतं."

काका चिपळूणला असतात. लॅपटॉप २०१४चा, बॅटरी केव्हाच गेलेली, बाकी ठणठणीत. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चढत नाही, म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. पहिले काही आठवडे सगळं छान चाललं. मग अपडेट आलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि वाय-फाय नाही. दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणारे माझ्या ओळखीतले बरेच जण याच खड्ड्यात पडलेत. एक गृहस्थ तर कार्ड जळालं समजून नवा लॅपटॉप बघायला निघाले होते.

कार्ड जळालेलं नसतं. त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा सॉफ्टवेअरचा तुकडा) नव्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामसाठी, तयार झालेला नसतो, एवढंच. तो का तयार झाला नाही याची चार-पाच ठरलेली कारणं आहेत, आणि त्यातलं आपलं कुठलं हे शोधायला दहा मिनिटं पुरतात.

कमांड मी काकांना फोनवर सांगतो तशाच, उच्चारानुसार लिहितोय. टाइप करताना सगळं रोमन, सगळी स्मॉल अक्षरं, आणि डॅश म्हणजे शून्याच्या शेजारची आडवी रेघ. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगेन.

आधी नेट मिळवा

वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी वाय-फाय हवं, इथेच निम्मे लोक हात टेकतात. घरात राउटर असेल तर सरळ लॅनची केबल लावा. नसेल तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन लॅनच्या तारेसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जळत नाही.

पर्याय फिकट दिसत असेल, दाबला जात नसेल, तर केबल बदला. पॉवर बँकेबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. काकांकडच्या तीन केबलींपैकी एकच चालली. तिच्यावर आता लाल दोरा बांधलाय.

कार्ड कुठलं ते नक्की करा

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि लिहा: एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश, एन-एन-के. मोठी यादी येते. तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' असा शब्द शोधा. त्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात दोन आकडे असतात, मध्ये अपूर्णविराम. पहिला आकडा कंपनीचा: १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. दुसरा आकडा चिपचा. लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापलंय ते विसरा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या खेपांना वेगळी कार्डं बसवलेली असतात. हे दोन आकडेच खरे.

काकांच्या पडद्यावर आलं १४ई४:४३६५. म्हणजे बीसीएम४३१४२, स्वस्त लॅपटॉपांमध्ये त्या काळी सर्रास बसवलेली चिप. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, अँटेना एक.

आता त्याच ओळीच्या खाली बघा. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. तिथे 'डब्ल्यूएल' (या कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव) असेल तर ड्रायव्हर चढलेला आहे आणि तुमचं दुखणं वेगळं आहे, सरळ 'चढतो पण टिकत नाही'वर जा. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. आणि तिथे 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' असेल तर कर्नलमधल्याच दुसऱ्या एका मॉड्यूलने (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा भाग) कार्ड धरून ठेवलंय. त्याला ते चालवता येत नाही आणि डब्ल्यूएल आत शिरलेला नाही. शाळेच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसं.

हा ड्रायव्हर इतका रुसका का

इथे जरा थांबतो, कारण हे कळलं की पुढच्या कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. कर्नल बदलला की तेही बरोबर बदलतात, कारण कर्नलमधलं एखादं फंक्शन बदलणारा माणूस ते वापरणारे सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त करतो. इंटेलचं कार्ड म्हणूनच त्रास देत नाही. त्याचंही फर्मवेअर बंदच आहे, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, कुणी दाखवत नाही. पण फर्मवेअर कार्डाच्या आत चालतं आणि ते वाटायची परवानगी आहे, म्हणून बहुतेक सगळ्या डिस्ट्रो (उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च असे लिनक्सचे अवतार) ते बरोबर देतात. कर्नलशी बोलणारा ड्रायव्हर मात्र खुला आहे.

ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठी लोकांनी स्वतः ड्रायव्हर लिहिला. एका गटाने चिप कशी वागते हे उलगडून कागदावर मांडलं आणि दुसऱ्या गटाने नुसता तो कागद वाचून कोड लिहिला, म्हणजे चोरीचा आळ नको. २००६मध्ये कर्नल २.६.१७मध्ये तो पहिल्यांदा आला, आणि २००८च्या जानेवारीत २.६.२४मध्ये बी४३ या नावाने नव्याने. सप्टेंबर २०१०मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच एक खुला ड्रायव्हर दिला, पण तो ४३१३, ४३२२४, ४३२२५ अशा मोजक्या चिपांचा. मधल्या काही चिपा कुणाच्याच वाट्याला आल्या नाहीत: ४३१४२, ४३५२, आणि २०१३नंतरच्या कित्येक मॅकबुकांमधली ४३६०. त्यांना एकच आधार, कंपनीचा बंद ड्रायव्हर, नाव डब्ल्यूएल. त्याची शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, साल २०१५.

हा ड्रायव्हर अर्धा बंद, अर्धा उघडा आहे. आतला गाभा तयार बायनरी फाइल आहे, ती कुणालाच बदलता येत नाही. तिच्याभोवती सी भाषेतला पातळ थर आहे, तो गाभ्याला कर्नलशी जोडतो आणि त्याचा सोर्स मिळतो. मीटरपेटीला सील ठोकलंय, आत हात घालायचा नाही, पण घरातलं वायरिंग दर दोन-अडीच महिन्यांनी बदलतंय, अशी गत. मग पेटीतून बाहेर आलेल्या तारेची टोकं तेवढी सोलून नव्या वायरिंगला जोडायची. ती जोडणी उबुंटू, डेबियन, आर्च, फेडोराची माणसं पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, लिहून करतात, गेली दहा वर्षं. कर्नल ४.१५मध्ये टायमर लावायची पद्धत बदलली, पॅच आला. ५.६मध्ये 'आयओरीमॅप-नोकॅश' हे फंक्शनच काढून टाकलं, कारण साधं आयओरीमॅप तेच काम करत होतं. पुन्हा पॅच. जुनं पॅकेज नव्या कर्नलवर बांधायला गेलात तर नेमकी याच नावाची तक्रार येते: असं फंक्शन मला माहीत नाही.

आणि हा जोडणारा थर प्रत्येक कर्नलसाठी तुमच्याच लॅपटॉपवर नव्याने कंपाइल करावा लागतो, म्हणजे सोर्सपासून चालणारं मॉड्यूल बांधावं लागतं. ते काम डीकेएमएस नावाची व्यवस्था करते. नवा कर्नल आला की ती मागे उभी राहते, सोर्स घेते, मॉड्यूल बांधते, जागेवर ठेवते. सगळं नीट असेल तर तुम्हाला कळतही नाही. कुठे अडलं तर तीही गुपचूप अडते, आणि रीस्टार्टनंतर पंखा गायब.

एका कमांडीत निदान

लिहा: सुडो, मॉडप्रोब, डब्ल्यू-एल. पासवर्ड टाका. उत्तर तीनपैकी एक येतं.

काहीच आलं नाही, नुसती पुढची ओळ आली, तर ड्रायव्हर चढला. दहा सेकंद थांबा, पंखा यायला हवा. आला पण पुढच्या रीस्टार्टला पुन्हा गेला, तर तो मघाचा रुमालवाला प्रकार.

'मॉड्यूल डब्ल्यूएल नॉट फाउंड' आलं, तर या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंच गेलं नाही.

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' किंवा जुन्या सिस्टिमवर 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' आलं, तर मॉड्यूल बांधलेलं आहे, पण सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी लॅपटॉपची सोय) त्याला दारातून आत घेत नाही.

दुसरं उत्तर सगळ्यात जास्त येतं, म्हणून आधी तेच.

मॉड्यूल बांधलंच नाही

अंगावर काम असेल आणि आत्ता लगेच नेट हवं असेल तर दुरुस्ती संध्याकाळवर ढकला. लॅपटॉप रीस्टार्ट करा, चालू होताना एस्केप दाबा, जुन्या पद्धतीच्या बायोसवर (लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्राम) शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते निवडायचा, मेनू येतो. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि आत कर्नलांची यादी. वरून दुसरा, म्हणजे आधीचा कर्नल निवडा. शेजारी 'रिकव्हरी' लिहिलेला घेऊ नका. कालपर्यंत वाय-फाय त्याच्यावरच चालत होतं, आजही चालेल. काकांना मी पहिल्यांदा हेच शिकवलं. आता ते फोन करतात ते जुन्या कर्नलवर येऊन, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरून.

संध्याकाळी निवांत बसलात की नेहमीसारखं रीस्टार्ट करून नव्या कर्नलवर या, नेटची केबल लावा आणि दोन गोष्टी बघा. यू-नेम, डॅश, आर: हा आत्ता चालू असलेला कर्नल सांगतो. डीकेएमएस स्टेटस: हा कुठल्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंय ते सांगतो. काकांच्या पडद्यावर बीसीएमडब्ल्यूएलची एकच ओळ होती, शेवटी 'इन्स्टॉल्ड', पण तिच्यातला कर्नलचा आकडा आधीचा होता. नव्याचा पत्ताच नाही. ओळ आहे म्हणून हुरळू नका, आकडा जुळवा.

नव्याची ओळ का नाही? पहिला संशय हेडर्सवर. मॉड्यूल बांधायला त्या कर्नलची हेडर्स, म्हणजे कर्नलमध्ये कुठली फंक्शनं आहेत ते सांगणाऱ्या फाइल, लागतात, ते वेगळं पॅकेज असतं. नेहमीच्या वाटेने कर्नल आला तर हेडर्स बरोबर येतात. कुणीतरी व्हिडिओ बघून नुसता कर्नल हाताने टाकला, किंवा डिस्क भरली म्हणून 'नको ते' काढताना हेडर्स उडवली, की डीकेएमएस हात बांधून बसतं. उपाय: सुडो, अ‍ॅप्ट, इन्स्टॉल, लिनक्स, डॅश, हेडर्स, डॅश, आणि त्याला चिकटून यू-नेमने दिलेला पूर्ण आकडा, शेवटच्या 'जेनेरिक'सकट. मग सुडो, डीकेएमएस, ऑटोइन्स्टॉल. मिनिटभर पडदा गप्प राहतो, जुन्या प्रोसेसरवर दोन मिनिटं. घाबरून खिडकी बंद करू नका.

काकांचं कारण मात्र वेगळं निघालं आणि ते शोधायला मला एक रविवार लागला. मी हेडर्स बघितली, होती. पॅकेज बघितलं, होतं. मग अपडेट कधी केलं ते विचारलं तर म्हणाले, "परवा रात्री. मध्येच लाइट गेली ना." बॅटरी नसलेला लॅपटॉप, कोकणातला पाऊस, आणि निम्म्यात तुटलेलं अपडेट. कर्नल आणि हेडर्स बसली होती, मॉड्यूल बांधायची पाळी यायच्या आत अंधार. अशा वेळी आधी अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं: सुडो, डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए. ते संपलं की सुडो, अ‍ॅप्ट, डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन, इन्स्टॉल. आणि मग ड्रायव्हर परत बसवायचा: सुडो, अ‍ॅप्ट, इन्स्टॉल, डॅश डॅश रीइन्स्टॉल, बीसीएमडब्ल्यूएल, डॅश, कर्नल, डॅश, सोर्स. काकांचं वाय-फाय या तिसऱ्या कमांडीनंतर रीस्टार्ट न करताच आलं.

हे नाव उबुंटू आणि मिंटचं. डेबियनमध्ये पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस, आणि त्यासाठी रिपॉझिटरीत (जिथून पॅकेजं उतरतात तो साठा) नॉन-फ्री विभाग चालू हवा. नुसता नॉन-फ्री-फर्मवेअर पुरत नाही, कारण हे फर्मवेअर नाही, ड्रायव्हर आहे. फेडोरात आरपीएम फ्यूजनमधून एकेमॉड-डब्ल्यूएल. आर्चमध्ये ब्रॉडकॉम-डब्ल्यूएल-डीकेएमएस, आणि हेडर्स तिथे हातानेच टाकावी लागतात.

हेडर्स आहेत, लाइटही गेली नव्हती, तरी बांधताना 'एरर' येतोय, तर कर्नल तुमच्या पॅकेजमधल्या पॅचच्या पुढे पळालाय. व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डरांच्या आत बीसीएमडब्ल्यूएलचं फोल्डर आहे, त्यात मेक-डॉट-लॉग नावाची फाइल सापडेल. शेवटून वर वाचत या, 'एरर' हा शब्द फाइलमध्ये सगळ्यात वर जिथे आलाय ती ओळ महत्त्वाची, बाकी तिचा गोतावळा. 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' किंवा 'टू फ्यू आर्ग्युमेंट्स' असं असेल तर स्वतः काही करत बसू नका. सुडो अ‍ॅप्ट अपडेट आणि अपग्रेड करून बघा, नवा पॅच आला असेल. नसेल तर जुन्या कर्नलवर राहा.

कर्नलला आवरायचं कसं

कर्नल अपडेट कायमचं बंद करा, होल्डवर टाका, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. मला तो पटत नाही. कर्नलमधून सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात आणि काका त्याच लॅपटॉपवरून बँकेचं काम करतात.

खरं दुखणं छोट्या अपडेटमध्ये नसतंच. उबुंटू एलटीएसचा (लांब मुदतीचा सपोर्ट असलेली आवृत्ती) मूळ कर्नल एकाच मालिकेत राहतो: २२.०४चा ५.१५, २४.०४चा ६.८. त्याच मालिकेत शेवटचा आकडा वाढत जातो आणि दुरुस्त्या येतात, पण आतली रचना फारशी हलत नाही, म्हणून डब्ल्यूएल मुकाट बांधला जातो. गडबड होते मालिका उडी मारते तेव्हा. २२.०४वर एचडब्ल्यूई नावाचा कर्नल घेतला तर तो ५.१५वरून ५.१९, मग ६.२, ६.५, ६.८ असा उड्या मारत गेला. नव्या लॅपटॉपला ते हवंच. २०१४च्या लॅपटॉपला त्यातून काय मिळणार? त्याला मूळ मालिकेवर ठेवा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडून 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथे मालिका दिसतात आणि हवी ती बसवता येते. नवी बसवून ती चालते याची खात्री होईपर्यंत जुनी काढायची नाही, हे सांगायला नको. सांगतो तरीही, कारण मी काढली होती.

निळा पडदा, दहा सेकंद

आता 'की रिजेक्टेड'. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल फक्त सही असलेली मॉड्यूल आत घेतो. डब्ल्यूएल तुमच्या घरी बांधला जातो, त्याच्यावर वितरकाची सही कुठून येणार? म्हणून उबुंटू तुमच्याच लॅपटॉपवर एक किल्ली बनवते, तिने सही करते, आणि ही किल्ली माझीच आहे असं तुम्ही बूटच्या वेळी समक्ष येऊन सांगायचं असतं. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागतात तो यासाठी. लोक तो लॅपटॉपचाच पासवर्ड समजून काहीतरी टाकतात, पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तो दहाएक सेकंद थांबतो, कुणी काही दाबलं नाही तर निघून जातो. काका त्या वेळी चहा आणायला गेले होते.

पुन्हा बोलवायचा तर: सुडो, मॉकयूटिल, डॅश डॅश इम्पोर्ट, स्पेस, आणि किल्लीच्या फाइलचा पत्ता. पत्ता असा: स्लॅश व्हार, स्लॅश लिब, स्लॅश शिम-साइन्ड, स्लॅश मॉक, स्लॅश, मग एम-ओ-के कॅपिटलमध्ये, डॉट, डी-ई-आर स्मॉल. नवा पासवर्ड द्या, नुसते आकडे चालतात आणि तेच बरं, कारण त्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी पद्धतीचा धरलेला असतो. रीस्टार्ट करा आणि जागचे हलू नका. 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. एकदा केलं की पुढच्या प्रत्येक कर्नलला डीकेएमएस त्याच किल्लीने आपोआप सही करतं.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करणं हा पाच मिनिटांचा मार्ग आहे आणि दुरुस्तीवाले तोच वापरतात. चालतो. मला किल्लीचा बरा वाटतो.

रुमालवाला

डब्ल्यूएल हाताने चढवला की चालतो, रीस्टार्टला जातो, तर बी४३, एसएसबी, बीसीएमए, बीआरसीएमएसमॅक यांपैकी कुणीतरी आधी कार्ड पकडतंय. डब्ल्यूएलचं पॅकेज ईटीसी, मॉडप्रोब-डॉट-डी या फोल्डरात या सगळ्यांना मज्जाव करणारी ब्लॅकलिस्ट फाइल टाकतं. ती आहे का बघा, नसेल तर वरच्यासारखं पॅकेज रीइन्स्टॉल करा. उलटही होतं: तुमची चिप बी४३वर चालणारी जुनी ४३११ किंवा ४३१२ आहे आणि कुणीतरी डब्ल्यूएल टाकून ठेवलाय. तिला डब्ल्यूएल काढून फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर द्या, दर अपडेटचं रडगाणंच संपेल.

चढतो पण टिकत नाही

पंखा दिसतो, पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन:पुन्हा पासवर्ड मागतो. हे मी आधी राउटरवर ढकललं होतं. खरं कारण असं की २०१६पासून नेटवर्कमॅनेजर आजूबाजूची नेटवर्कं शोधताना कार्डाचा खोटा पत्ता वापरतो, माग लागू नये म्हणून. चांगली सोय आहे, पण डब्ल्यूएल तिने गोंधळतो. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, कॉन्फ-डॉट-डी या फोल्डरात, इथे एन आणि एम कॅपिटल, कुठल्याही नावाची पण शेवटी डॉट-कॉन्फ असलेली फाइल करा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात डिव्हाइस. दुसऱ्या ओळीत वायफाय, डॉट, स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस, बरोबरचं चिन्ह, नो. मधल्या सगळ्या जागी डॅश, स्पेस कुठेच नाही. मग रीस्टार्ट.

दर काही मिनिटांनी तुटत असेल तर त्याच फोल्डरात डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते, तिच्यातला ३ बदलून २ करा. वीज वाचवायच्या नादात कार्ड डुलकी काढतं, ती बंद होते.

राउटरचं एक नेटवर्क दिसतं, दुसरं दिसत नाही? नावात ५जी असलेलं असेल, तर ४३१४२ला ते दिसणारच नाही. आणि राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट नुसत्या डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर डब्ल्यूएल जोडला जाणार नाही. तिथे डब्ल्यूपीए२ निवडा.

पंखा आहे पण 'बंद' म्हणतोय तर आरएफ-किल, लिस्ट. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर सुडो, आरएफ-किल, अनब्लॉक, ऑल. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेला बोटभर सरकणारं बटण शोधा, किंवा विमानाचं चित्र असलेली की.

रिअलटेकवाल्यांसाठी एवढंच: ८८२१सीई ही चिप कर्नल ५.९पासून आतच आहे, इकडचा तिकडचा ड्रायव्हर टाकू नका. आणि ८७२३बीईचा सिग्नल राउटरला खेटून बसल्यावरच येत असेल, तर अँटेना एकाच टोकाला लावलेली आहे आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकाकडे कान लावून बसलाय. मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरात डॉट-कॉन्फ फाइल करून एक ओळ लिहा: ऑप्शन्स, आरटीएल८७२३बीई, अँट-अंडरस्कोर-सेल, बरोबर, २. नाही जमलं तर १.

कार्ड बदलायचं तर

सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्यांनी याचा विचार करावा असं मला वाटतं. २०१९मध्ये डब्ल्यूएल ड्रायव्हरमध्ये मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिता येणाऱ्या दोन त्रुटी जाहीर झाल्या, त्यांचे नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-९५०१ आणि ९५०२. ड्रायव्हर मात्र २०१५च्याच आवृत्तीवर उभा आहे. घरच्या राउटरवर मी काकांना राहू दिलंय, स्टेशनावरच्या फुकट वाय-फायवर नाही.

लॅपटॉपची मागची पाटी उघडून आधी खाच बघा. दोन काळ्या-पांढऱ्या तारा लागलेलं, काडेपेटीहून लहान हिरवं कार्ड दिसेल. जुन्यांत मिनी पीसीआय एक्सप्रेसची अर्ध्या लांबीची खाच, नंतरच्यांत एम-डॉट-२. इंटेलचं ७२६० दोन्ही आकारांत येतं. एम-डॉट-२ असेल तर एएक्स२००ही चालेल, कर्नल ५.१ किंवा पुढचा हवा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका: दिसायला तशीच, पण त्यांचं निम्मं काम इंटेलच्या नव्या प्रोसेसरमध्ये होतं, जुन्यात ती नुसती बसतील. जुन्या कार्डाची अँटेनाची बटणं मोठी आणि एम-डॉट-२ची लहान असतात, तीही जुळवून घ्या. आणखी एक: काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड लावलं की यंत्र चालूच होत नाही. विकत घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलचं हे विचारून घ्या.

४३१४२वाल्या लॅपटॉपात तार बहुधा एकच निघते. ती नव्या कार्डाच्या '१' किंवा 'मेन' लिहिलेल्या बटणावर लावा. वेग निम्मा मिळेल, काम अडणार नाही.

पाटी उघडायची नसेल तर यूएसबी डोंगल. इथे चिपचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन लिनक्सवाल्यांचा जुना लाडका, कारण त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत त्याच नावाखाली रिअलटेकची ८१८८ईयूएस आली. मी सहसा मीडियाटेकची एमटी७६१२यू असलेला सुचवतो. तिचा ड्रायव्हर कर्नल ४.१९पासून आत आहे आणि ती ५ गिगाहर्ट्झही पकडते.

नवं कार्ड लागलं की जुना ड्रायव्हर काढून टाका: सुडो, अ‍ॅप्ट, पर्ज, बीसीएमडब्ल्यूएल, डॅश, कर्नल, डॅश, सोर्स. नुसतं 'रिमूव्ह' नको, पर्जच. रिमूव्हने सेटिंगच्या फाइल मागे राहतात, आणि उद्या दुसरं एखादं ब्रॉडकॉम कार्ड लावलंत तर त्या ब्लॅकलिस्टपायी पंखा पुन्हा गायब होईल.